टाकसाळीतले देवपण

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या बडोद्यातल्या हरणीच्या मराठी घरांत पाटावर ताम्हन येते आणि ताम्हनात चांदीचे रुपये मांडले जातात. विमानतळाच्या आसपास उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये राहणारी ही कुटुंबे. काहींचे पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी बडोद्यात आले, काही जण कारखान्यांच्या निमित्ताने अलीकडे आले. रुपये मात्र जवळजवळ सगळीकडे सारखेच असतात : राणीछाप, राजाछाप. व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याला हळदकुंकू लागते, फूल वाहिले जाते. परक्या राणीविषयी इथे कुणाच्या मनात भक्ती नाही आणि तिच्या राज्याची आठवण काढून कुणी उसासाही टाकत नाही. राणीच्या रुपयात शंभरातले जवळजवळ ९२ भाग चांदी आहे, एवढेच त्याचे कारण. सहाव्या जॉर्जच्या १९४०नंतरच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७चा रुपया तर निकेलचा निघाला. घरातल्या जाणत्या बायका हे फरक नाणे बोटांत धरून ओळखतात आणि निकेलचा रुपया पूजेच्या ताम्हनात पडू देत नाहीत. चेहरा तोच, मुकुट तोच, तरीही मान वेगळा.

या साध्या रिवाजात राज्यसत्तेविषयीचा एक निवाडा दडला आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. नाण्यावर कुणाचा चेहरा असावा हे राज्यकर्ता ठरवतो. त्या नाण्याला किती मानायचे हे ते वापरणारा ठरवतो. जगाच्या इतिहासात या दोन अधिकारांची ओढाताण सर्वांत उघडपणे कुठे दिसत असेल, तर ती प्राचीन रोमच्या त्या चांदीच्या नाण्यांत, जी मेलेल्या सम्राटांना देव ठरवून पाडली गेली.

इसवी सनापूर्वी ४४मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला. दोन वर्षांनी रोमच्या सिनेटने त्याला देवत्व बहाल केले. त्याचा दत्तक मुलगा पुढे ऑगस्टस या नावाने सत्तेवर आला आणि आपल्या नाण्यांवर स्वतःला देवाचा मुलगा म्हणवून घेऊ लागला. इसवी सन १४मध्ये ऑगस्टस वारला, तोही देव झाला आणि त्याच्या जागी आलेल्या टायबेरियसने चांदीच्या दिनारांवर आपली ओळख ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ अशी कोरवली. पुढे या प्रथेचे रीतसर विधीच ठरले. मजल्यांवर मजले चढवलेली लाकडी चिता रचायची, ती पेटली की वरून गरुड सोडायचा, तो राजाचा आत्मा घेऊन आकाशात गेला असे मानायचे, मग देऊळ, पुजारी आणि नाणी. नाण्याच्या एका बाजूला दिवंगताचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गरुड, वेदी किंवा चिता.

या सगळ्यात मेलेल्या माणसाच्या पदरात काहीच पडत नव्हते. मिळवायचे होते ते मागे उरलेल्याला. बाप देव ठरला की मुलाच्या गादीवर बोट ठेवणे अधर्म ठरणार. म्हणूनच देवत्व कुणाला द्यायचे याचा निकाल दिवंगताच्या गुणांपेक्षा वारसाच्या गरजेवर लागत असे. टायबेरियसने आयुष्यभर बापाचे देवपण नाण्यांवर मिरवले, पण त्याच्या मृत्यूनंतर त्याला देव करण्यात कुणाचाच फायदा उरला नव्हता. तो देव झाला नाही. सेप्टिमियस सेव्हेरसची गोष्ट तर याहून बोलकी आहे. यादवी युद्ध लढून तो गादीवर आला, घराण्याचा आधार काही नाही. १९५ साली त्याने जाहीर केले की आपण मार्कस ऑरेलियसचे पुत्र आहोत. मार्कस ऑरेलियस वारून तेव्हा १५ वर्षे झाली होती. दत्तक घेण्याची इच्छा बापाची असावी लागते ही अटही त्याने आड येऊ दिली नाही. बाप मिळवला तसा भाऊ म्हणून मार्कसचा मुलगा कॉमोडस गळ्यात पडला. सिनेटने ज्याची स्मृती पुसून टाकायचा ठराव केला होता, तो हा कॉमोडस. सेव्हेरसने त्यालाही देव करवले. याच सेव्हेरसच्या कारकिर्दीत दिनारातली चांदी उतरत उतरत निम्म्याच्या आसपास आली.

आता हीच नाणी आपल्या किनाऱ्याला लागली तेव्हा काय झाले ते पाहू. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत दोन छाप सर्वांत जास्त आहेत. एक ऑगस्टसचा, त्यावर त्याचे नातू गायस आणि लुसियस उभे आहेत. दुसरा टायबेरियसचा, त्यावर एक स्त्री बसलेली आहे. दोन्ही छापांच्या मजकुरात देव झालेल्या बापाचा उल्लेख आहे. तेलंगणातल्या अक्कनपल्ली इथल्या एकाच ठेव्यात दीड हजारांवर दिनार निघाले. रोमन टाकसाळीने आपल्या सम्राटाचे देवपण हजारोंच्या संख्येने समुद्रापार पाठवले आणि इथे ते मजकूर म्हणून कुणी वाचले असेल असे मानायला काहीही आधार नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला सापडलेल्या सोन्याच्या रोमन मोहरांवर तर बहुतेक सर्व चेहऱ्यांवर छिन्नीचा आडवा घाव आहे. ते नाणे चलनातून काढून निव्वळ सोने म्हणून धरले, ही त्याची खूण असावी असे बरेच अभ्यासक मानतात. देवाच्या चेहऱ्यावर घाव घालणाऱ्याला आपण काही पाप करतो आहोत असे वाटले नसणार. त्याच्यासमोर देव नव्हताच, सोने होते.

आमच्या बडोद्यापासून ७० किलोमीटरवर भरूच आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भरूचच्या बाजाराबद्दल दोन नोंदी आहेत. पहिली अशी की रोमन सोन्या-चांदीची नाणी इथल्या नाण्यांशी बदलली की नफा होतो. दुसरी अशी की या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची जुनी नाणी अजून चालतात. हे राजे मरून तेव्हा दीडशे ते दोनशे वर्षे झाली होती. त्यांना कुणी देव ठरवले म्हणून ती नाणी चालत नव्हती. त्यांचे वारस भरूचवर राज्य करत नव्हते, त्यांचा दरारा उरला नव्हता, त्यांच्या नावाने कर भरायचा नव्हता. तरी नाणे चालत होते, कारण ज्या चांदीवर ते नाव कोरले होते त्या चांदीने सराफाला कधी फसवले नव्हते. मरणोत्तर मान म्हणतात तो हा. कुणी ठराव करून दिला नाही आणि कुणाला ठराव करून काढूनही घेता आला नाही.

गुजरातच्या भूमीत रोमन चांदीची नाणी फारशी मिळत नाहीत. व्यापार तर जोरात होता. बडोद्यातच विश्वामित्रीच्या काठी अकोट्याच्या उत्खननात रोमन मदनाची आकृती असलेली कांशाची मूठ मिळाली आहे. मग आलेले दिनार गेले कुठे? अभ्यासकांचा कल असा की ते वितळवून पश्चिमी क्षत्रपांनी आपली नाणी पाडली. त्यांच्यातल्या नहपानाच्या नाण्यांवर त्याचा चेहरा आहे आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. म्हणजे ऑगस्टसचे देवपण बहुधा मुशीत गेले आणि नहपानाचा चेहरा होऊन बाहेर आले. पुढे त्या चेहऱ्याचीही तीच गत झाली. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला आहे. जिंकलेल्या शत्रूची चांदी टाकून द्यायची नसते, म्हणून तिच्यावर आपली खूण उमटवायची. काही नाण्यांवर नव्या खुणेखालून जुने नाक-डोळे अजून दिसतात.

भरूचचा सराफ आणि पुदुकोट्टईचा छिन्नीवाला यांचा निकाल पुढे रोमच्या नव्या चांदीवरही लागला. इसवी सन ६४मध्ये निरोने दिनाराचे वजन आणि शुद्धता दोन्ही उतरवली. त्यानंतरची रोमन चांदी भारतात फार थोडी मिळते. ऑगस्टस आणि टायबेरियस यांची जुनी, भरदार नाणी इथे हवी होती, नवी हलकी नको होती. रोमच्या नागरिकाला ही मोकळीक नव्हती. त्याला पगार त्याच नाण्यात मिळायचा.

रोममध्ये चांदी घटत गेली आणि देव वाढत गेले. २४९ साली गादीवर आलेल्या डेशियसच्या काळात मुख्य चांदीच्या नाण्यात चांदीचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास उरले होते. डॅन्यूब नदीच्या बाजूने गॉथ टोळ्या उतरत होत्या, सैन्याला पैसा हवा होता, गादी वर्षा-दोन वर्षांत हात बदलत होती. अशा वेळी या सम्राटाने अकरा देव झालेल्या सम्राटांची एक संपूर्ण मालिकाच पाडली : ऑगस्टस, व्हेस्पेशियन, टायटस, नर्व्हा, ट्राजन, हेड्रियन, अँटोनिनस पायस, मार्कस ऑरेलियस, कॉमोडस, सेप्टिमियस सेव्हेरस आणि सेव्हेरस अलेक्झांडर. मालिकेत कॉमोडसही आहे, हे विसरू नये. सेव्हेरसच्या सोयीचा देव ५० वर्षांनी सर्वांचा पूर्वज होऊन बसला होता. याच डेशियसने साम्राज्यातल्या सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला आणि तो पाळल्याचे दाखले लोकांकडून घेतले. इजिप्तच्या वाळूत त्यातले काही पपायरसवरचे दाखले अजून सापडतात. नाकारणाऱ्या ख्रिस्ती लोकांना तुरुंग मिळाला, काहींना मरण.

ही दोन कामे मला एकाच कामाचे दोन हात वाटतात. ज्या राज्याला आपल्या नाण्यातल्या चांदीची हमी देता येत नाही, ते श्रद्धेची हमी मागू लागते. २५१ साली डेशियस गॉथांशी लढताना मारला गेला. त्याच्या अकरा देवांनी नाण्याला सावरले नाही. पुढच्या २० वर्षांत त्या नाण्यातली चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली. वरून चांदीचा मुलामा, आत तांबे. २७०मध्ये क्लॉडियस गॉथिकस साथीच्या रोगाने वारला, तोही देव झाला आणि त्याच्या देवपणाची नाणी प्रचंड संख्येने निघाली. गॉल, ब्रिटन, आफ्रिका इथे लोकांनी त्यांच्या खोट्या नकलाही ढिगाने पाडल्या. देव झालेल्या रोमन सम्राटांत ज्याची नाणी आज सर्वांत सहज हाताला लागतात त्यांत हा एक आहे, आणि त्याच्या नाण्यात चांदी नावालाच आहे.

हा नियम यांत्रिक आहे असे मी म्हणणार नाही. टायटसने बापाच्या, व्हेस्पेशियनच्या, स्मरणार्थ पाडलेले दिनार चांगल्या चांदीचे होते. अँटोनिनस पायसची राणी फाउस्टिना १४० साली गेली. तिला देवी ठरवून त्याने पुढे वर्षानुवर्षे तिच्या नावाची चांदीची नाणी पाडली आणि त्यात राजकारण कमी आणि दुःख जास्त होते असे मला वाटते. मला त्या नाण्यांहून मोठे वाटते ते त्याचे दुसरे काम. गरीब मुलींच्या पालनपोषणासाठी त्याने फाउस्टिनाच्या नावाने निधी उभारला. स्मरण करणाऱ्याने त्या स्मरणाची किंमत स्वतः मोजली. डेशियसने ती किंमत नाणे हातात घेणाऱ्या शिपायाकडून आणि शेतकऱ्याकडून वसूल केली. दोघांच्या नाण्यांवर अक्षरे एकाच प्रकारची आहेत. वेगळा आहे तो हिशेब.

आपल्याकडे मेलेल्या माणसाला चांदीत घडवून पूजण्याची प्रथा आहेच. मराठी देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी, बहिरोबा यांच्या टाकांशेजारी पुष्कळ घरांत पूर्वजाचा, वीराचा टाक असतो. सोनाराकडून पातळ चांदीच्या पत्र्यावर ठसवून घेतलेली छोटी मूर्ती. नाशिकला धूलिवंदनाच्या दिवशी हे वीर घेऊन लोक वाजतगाजत गोदावरीवर जातात, स्नान घालतात, घरातली लहान मुले देवाच्या वेषात मिरवतात. पूर्वज देव झाला, असे ते घर मनापासून मानते. पण टाकाला किंमत लिहिलेली नसते. तो घेऊन कुणी दुकानात जात नाही. शेजाऱ्यावर तो मानायची सक्ती नाही. चांदी घरानेच विकत घेतली, सोनाराची मजुरी घरानेच दिली आणि दरवर्षी नैवेद्यही घरच दाखवते. देवपणाचा सगळा खर्च भक्तावर. म्हणूनच टाकाबद्दल माझी कुठलीही तक्रार नाही, उलट फार आदर आहे. रोमच्या टाकसाळीने हाच भाव उचलला, त्यावर किंमत कोरली आणि तो परक्याच्या खिशात कोंबला.

राजाचे देवपण आणि त्याचे नाणे या दोन गोष्टी महाराष्ट्राने वेगळ्या ठेवल्या, हे आपल्याला अभिमानाने सांगता येते. सिंधुदुर्गावर राजाराम महाराजांनी शिवाजी महाराजांचे देऊळ बांधले, शिवराजेश्वर म्हणून तिथे आजही पूजा होते. भक्ती देवळात राहिली. बाजारात होती शिवराई. १६७४च्या राज्याभिषेकानंतर निघालेले हे तांब्याचे नाणे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. चेहरा नाही, गरुड नाही, मुकुट नाही. १६८०मध्ये महाराज गेले. त्यानंतर गादीवर आलेल्या छत्रपतींनी आणि पेशवाईतल्या टाकसाळींनी तेच नाव, तीच अक्षरे चालू ठेवली. पेशवाई बुडाल्यावरही शिवराई खेडोपाडीच्या बाजारात फिरत राहिली, पार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणि काही ठिकाणी त्याच्याही पुढे. दोनशे वर्षे. या काळात वारसांना महाराजांच्या नावाचा फायदा झाला नाही असे नाही, कोल्हापूर आणि सातारा दोन्हींना तो हवाच होता. पण फक्त वारसाच्या इच्छेवर तांब्याचे नाणे दोनशे वर्षे चालत नाही. कंपनी सरकारच्या पैशाशेजारी ठेवूनही शेतकऱ्याने ते घेतले, भाजीवालीने घेतले, मुलाच्या हातावर खाऊला ठेवले. राजाच्या मागे त्याची पत रयतेने जपली.

बडोद्याचा इतिहास याच्या उलट बाजूचा आणि तितकाच शिकवणारा आहे. गायकवाडांचे रुपये दीर्घकाळ मोगल बादशहाच्या नावाने पडत होते. दुसरा अकबर १८३७ साली दिल्लीत वारला. तो तर हयातीतच कंपनीचा पेन्शनदार होता. तरी १८४७ ते १८५६ राज्य करणाऱ्या गणपतराव गायकवाडांच्या रुपयावर नाव त्याचेच आहे. त्याच्याजवळ गायकवाडाचे नागरी आद्याक्षर. खंडेराव महाराजांच्या काळात, १८५७नंतर, बादशहाचे नाव गेले आणि सेनाखासखेल समशेरबहादुर हा गायकवाडांचा किताब आला. मेलेल्या बादशहाचे नाव इतकी वर्षे ठेवण्यात भक्ती नव्हती, फसवणूकही नव्हती. नाव बदलले की सराफ बट्टा कापतो, ही भीती होती. कंपनीने बंगालमध्ये हेच केले. बादशहा शाह आलम १८०६ मध्ये गेला, पण त्याच्या नावाचा ‘१९ सन’ रुपया १८३५पर्यंत पडत राहिला. राजवर्षाचा आकडा मुद्दाम गोठवला होता. जुन्या सालाच्या नाण्यावर बट्टा घेऊन सराफ रयतेला नाडत, ते थांबावे म्हणून. म्हणजे इथे मेलेल्या सम्राटाचे नाव गरीब माणसाच्या संरक्षणासाठी वापरले गेले. रोमने देवाचे नाव घेऊन चांदी काढून घेतली. कलकत्त्याच्या टाकसाळीने निव्वळ एका निर्जीव नावाने चांदीची हमी सांभाळली. कंपनीच्या राज्याबद्दल बरे बोलायला मला फार कमी जागा सापडतात, ही त्यातली एक.

१८९०च्या दशकात सयाजीराव महाराजांच्या रुपयावर प्रथमच महाराजांचा चेहरा आणि मराठी मजकूर आला. जिवंत राजाचा चेहरा, स्वतःच्या नावाने. त्यात कसली आडवाट नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बडोद्याचा हा बाबाशाही रुपया बंद होऊन ब्रिटिश रुपया आला, तेव्हा तो चेहरा टाकसाळीतून गेला. पण दिवंगतांचे स्मरण कसे करावे हा प्रश्न महाराजांच्या मनात राहिला असावा, कारण १९३६ साली त्यांनी विश्वामित्रीजवळ कीर्तिमंदिर उभे केले. गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांच्या प्रतिमा तिथे आहेत. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात आजोळाहून परतणारा भरत अशाच एका प्रतिमागृहात शिरतो. तिथे फक्त मेलेल्या राजांच्या मूर्ती ठेवतात हे त्याला कळते आणि दशरथाची मूर्ती पाहून बाप गेल्याचे त्याला उमगते. प्रतिमा पाहणारा तिथे मुलगा म्हणून उभा आहे, गादीचा हक्कदार म्हणून नाही. किंबहुना ती गादी नाकारायला तो निघाला आहे. रोमच्या देवाच्या मुलांनी नाण्यावर जे केले त्याच्या हे अगदी विरुद्ध टोक.

कीर्तिमंदिराला मी पूर्ण सूट देत नाही. घराण्याच्या स्मारकाला संस्थानचा पैसा लागला आणि संस्थानचा पैसा म्हणजे रयतेचा. पण महाराजांनी तिथल्या भिंती नंदलाल बोस यांच्याकडे सोपवल्या आणि त्यांनी तिथे गंगावतरण, मीरा, महाभारतातले युद्ध रंगवले. रयतेच्या पैशातून रयतेला ते मिळाले. मला वाटते, सयाजीरावांनाही हा हिशेब दिसत होता.

हा हिशेब सर्वांत स्पष्ट पाहिला तो सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये अमेरिकेला गेलेल्या विद्यार्थ्याने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, त्याला मर्यादा बांधावी, कारण रुपयाची क्रयशक्ती ढळली की मार गरिबाला बसतो, हा त्याचा गाभा. त्यानंतर २६ वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ला, घटना समितीतल्या भाषणात त्यांनी बजावले की धर्मात भक्ती आत्म्याला तारत असेल, पण राजकारणात भक्ती आणि विभूतिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. बहुतेक वाचक या दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात : एक अर्थशास्त्र, दुसरे राज्यशास्त्र. मला त्या एकच वाटतात. नाण्यातली चांदी काढून घेणाऱ्या आणि बदल्यात देव देणाऱ्या सत्तेला ओळखायचे कसे, हे त्यांनी एकदा चलनाच्या बाजूने सांगितले आणि एकदा भक्तीच्या.

स्वतंत्र भारताने स्मृतिनाण्यांची वाट धरली ती १९६४मध्ये, नेहरू गेल्यावर. ते रुपये आणि पन्नास पैसे निकेलचे होते आणि सरळ बाजारात आले. १९६९ला गांधीजींच्या जन्मशताब्दीला नेहमीच्या नाण्यांबरोबर दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले, १५ ग्रॅमचे, ८० टक्के चांदीचे. थोड्याच वर्षांत चांदी ५० टक्क्यांवर आली आणि इंदिरा गांधींपासून अटलबिहारी वाजपेयींपर्यंत, कुठल्याही पक्षाचे सरकार असो, दिवंगत नेत्यांची शंभर रुपयांची नाणी निघत राहिली. २०१८चे वाजपेयींचे नाणे ३५ ग्रॅमचे, निम्म्या चांदीचे. ही नाणी बाजारात येत नाहीत. टाकसाळ ती सुंदर डबीत घालून दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावाने विकते, संग्राहक ती डबीसकट कपाटात ठेवतात. चांदीचा बाजारभाव वाढला हे कारण खरे आहे, त्यात कुणाचा डाव आहे असे मी म्हणत नाही. आपल्याकडे कुणी दिवंगत नेत्याला कायद्याने देवही करत नाही. तरीही सोहळ्यात झळकणाऱ्या अशा नाण्यावर एक प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे : याचा खर्च कुणी सोसला आणि नफा कुठे गेला?

यावर कुणी म्हणेल, गांधीजी तर रिझर्व्ह बँकेच्या प्रत्येक नोटेवर आहेत, १९९६मध्ये ही मालिका सुरू झाली. मग तेही रोमन देवपणच का? मला तसे वाटत नाही, कारण गांधीजींच्या चेहऱ्यावर कुठल्याही वारसाची गादी उभी नाही. पण त्या चेहऱ्यानेही कशाची हमी दिलेली नाही, हे देशाने ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री अनुभवले. पाचशे आणि हजारच्या रद्द झालेल्या नोटांवर तोच चेहरा होता. बँकांसमोर रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांनी गांधीजींना दोष दिला नाही. चेहरा आणि हमी यांची गल्लत करायची नसते, हे त्यांना ठाऊक होते.

स्मृतिनाण्यांना माझा विरोध नाही. १९९९ साली छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे निघाले, साधे तांबे-निकेलचे, अकरा कोनांचे, दोन रुपयांनाच मिळणारे. ते कंडक्टरच्या चामडी पिशवीत गेले, चहाच्या टपरीवर गेले, देवळाच्या पेटीत पडले. शिवराईचा वंश त्या नाण्यात मला दिसतो. पुढे कुणाचेही नाणे काढायचे असेल तर आधी ते असे दर्शनी किमतीला, चालते काढावे. डबीतले चांदीचे हवेच असेल तर त्याच्या विक्रीचा नफा सरकारने जाहीर करावा आणि ज्याचा चेहरा त्यावर आहे त्याने आयुष्यभर जे काम केले त्याच कामाला तो द्यावा. फाउस्टिनाच्या मुलींना मिळाला तसा. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९०मध्ये एक रुपयाचे नाणे निघाले होते. त्यांच्या नावाचे चांदीचे नाणे पुन्हा निघाले, तर त्याच्या नफ्यातून दरवर्षी काही मुलामुलींना परदेशी शिकायला पाठवावे, १९१३ला बडोद्याने पाठवले होते तसे, आणि कुणाला पाठवले त्याची यादी नाण्याच्या डबीवर छापावी.